तिरका कापलेला फॉर्म

आमच्या कॉलनीत पाकिटाचं कुणाला अप्रूप नव्हतं. नाशिकरोडच्या छापखान्यात घरटी एक माणूस कामाला, त्यामुळे पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं, तिकिटं हा सगळा माल त्यांच्याच डोळ्यांखालून गेलेला. पोस्टमन सायकल स्टँडला लावता लावता ओरडायचा, "घ्या, तुमचाच माल तुम्हाला परत!" हा विनोद तो वर्षानुवर्षं करत होता आणि आम्ही वर्षानुवर्षं हसत होतो. पण मी बारावी झाले त्या जूनमध्ये मला हा विनोद अजिबात सहन होईना. कारण तो सगळ्यांना काही ना काही देऊन पुढे जायचा आणि मला मात्र म्हणायचा, "तुझं नाय आलं गं अजून."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकमधल्या एका कॉलेजात मला पहिल्या वर्षाला, आर्ट्सला, प्रवेश मिळाला होता. मिळाला म्हणजे खिडकीतून एक पावती हातात आली होती, एवढंच. बाकीचं सगळं पोस्टाने घरी येईल, असं खिडकीमागच्या क्लार्कने सांगितलं होतं. हे तेव्हा नवीनच होतं. एरवी कॉलेज कधी उघडणार, वर्ग कुठे भरणार, हे बसने जाऊन नोटीस बोर्डावर बघून यायचं असे. पण त्या कॉलेजात नवे प्राचार्य आले होते आणि त्यांना नव्या मुलांचं स्वागत करायची हौस होती. स्वागताचं पत्र, माहितीपत्रक, ओळखपत्रावर फोटो चिकटवायचा कागद आणि चर्चावर्गाचा फॉर्म, असं सगळं एका जाड पाकिटात घालून ते प्रत्येकाच्या घरी पाठवणार होते.

चर्चावर्ग हीसुद्धा त्यांचीच कल्पना. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास. एक शिक्षक, बारा विद्यार्थी, मध्ये एक टेबल, आणि परीक्षा नाही. परीक्षा नाही हे ऐकून माझ्या आईने विचारलं होतं, "मग शिकतात कशाला?"

हे सगळं मला पाकीट यायच्या आधीच ठाऊक होतं, कारण शेजारच्या मैत्रिणीचं पाकीट मंगळवारीच आलं. तिलाही त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता, तिचे वडीलही छापखान्यातच, फक्त दुसऱ्या खात्यात. मी तिच्या ओट्यावर बसून तिच्या खांद्यावरून तो फॉर्म वाचला. चौदा विषयांची यादी होती. पहिला विषय कार्यालयीन पत्रव्यवहार. दुसरा नाटकाची तालीम. तिसरा न्यायालयाचे कामकाज, प्रत्यक्ष जाऊन पाहणे. तिसऱ्यावर माझी नजर थांबली ती पुढे गेलीच नाही. मैत्रिणीची दुसऱ्यावरच थांबली होती. तिने तिथल्या तिथे नाटकापुढे खूण केली, सही केली आणि पाकीट पोस्टात टाकून आली. फॉर्मवर स्पष्ट छापलं होतं, की ज्या क्रमाने अर्ज येतील त्या क्रमाने बारा जागा भरल्या जातील.

न्यायालयाचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं तेही सांगते. दहावीला असताना आईबरोबर सीबीएसला, कोर्टाजवळच्या मोठ्या बसस्टँडवर, उभी होते. शेजारी भेळेची गाडी होती. तिथे एक बाई काळा कोट घालून भेळ खात होती. एका हातात भेळ, दुसऱ्या हातात कागदांचा गठ्ठा, आणि समोर एक मिशाळ माणूस हात जोडून उभा. ती त्याला खाता खाताच दटावत होती आणि तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होता. एवढ्या मोठ्या माणसाला भेळ खाता खाता दटावणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्या दिवसापासून मला कोर्टात जायचं होतं. ते आतून कसं असतं, माणसं तिथे कशी बोलतात, आपल्याला तसं बोलता येईल का, हे मला बघायचं होतं. त्यात जागा बाराच. आणि माझं पाकीट काही येत नव्हतं.

इथे माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. बाबा तपासणी खात्यात होते. छापून आलेला प्रत्येक कागद बघायचा. कुठे शाई फाकली असेल, रंग सरकला असेल, कडा वाकडी कापली असेल, तर तो बाजूला काढायचा आणि त्याच्या जागी चांगला कागद घ्यायचा. वीस वर्षं हेच काम. आत जेवढे कागद गेले तेवढे संध्याकाळी जुळले पाहिजेत, नाहीतर कुणी घरी जायचं नाही. आणि सुट्टी झाली की फाटकावर अंगझडती. हात वर करायचे, खिसे तपासून घ्यायचे, मग बाहेर. कागदाचा कपटासुद्धा बाहेर नेता येत नसे. बाबा आत काय काय छापतात हे आम्हाला कधीच सांगत नसत, पण झडती मात्र त्यांनी घरी आणली होती. आम्ही लहान असताना ते दाराशी येऊन हात वर करून उभे राहायचे. मी आणि धाकटी बहीण त्यांचे खिसे तपासायचो, आणि सगळं नीट असलं की ओरडायचो, "पास!" मग ते आत यायचे. कधीकधी खिशात लिमलेटच्या दोन गोळ्या सापडायच्या, त्या जप्त व्हायच्या. दहावीनंतर मी मोठी झाले म्हणून हा खेळ सोडला. बहीण अजून खेळत होती.

शेवटी शुक्रवारी पोस्टमन फाटकापासूनच घंटी वाजवत आला. पाकीट जाड होतं आणि त्यावर माझं नाव टाइप केलेलं होतं. मी ते फाडणार तेवढ्यात आईने काढून घेतलं आणि ट्रंकेत ठेवून दिलं.

कारण आमच्या कॉलनीत एक रीत होती. कुणाच्या मुलाला कॉलेजचं पत्र आलं की ते रविवारी विहारात वंदनेनंतर वाचायचं. आमच्यातली बरीच म्हातारी माणसं निरक्षर होती. आपल्यातल्या एका पोरीला कॉलेजने 'श्रीमती' म्हणून पत्र लिहिलंय, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं असे. आज मला ते कळतं. त्या शुक्रवारी मात्र मी पाय आपटत होते.

"आई, तिने मंगळवारीच पाठवलाय. जागा बाराच आहेत."

"तिच्या आईला घाई असते सगळ्याची," आई म्हणाली. "दोन दिवसांनी काय कोर्ट पळून जातंय?"

रविवारी विहार भरला. पाकीट उघडायचा मान गुरुजींचा. ते निवृत्त शिक्षक होते, संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत आम्हा मुलांचा अभ्यास घ्यायचे, त्यामुळे माझ्या मार्कांत आपला वाटा आहे असं त्यांना वाटायचं, आणि ते खरंही होतं. त्यांनी चाकूने पाकीट हलकेच उघडलं. स्वागताचं पत्र खणखणीत आवाजात वाचलं. "आपल्या येण्याने महाविद्यालयास आनंद होत आहे," या वाक्यावर पुढे बसलेल्या एका आजीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी रागावलेली होते, तरी मला हसू आलं आणि मग रडूही.

मग चर्चावर्गाची यादी. गुरुजी एकेक विषय वाचत आणि कॉलनी त्यावर मत देत गेली.

"कार्यालयीन पत्रव्यवहार. हे घे पोरी. उद्या नोकरीला उपयोगी पडेल."

"नाटक नको, उशीर होतो घरी यायला."

"वर्तमानपत्र कसे वाचावे? ते काय शिकायचं असतं व्हय? माझा नवरा रोज वाचतो, शिकवीन मीच."

चक्क हात वर करून मतदान झालं. कार्यालयीन पत्रव्यवहार भरघोस मतांनी निवडून आला. मी उभी राहून म्हणाले, मला न्यायालयच हवं. मग ती पुढची आजीच म्हणाली, "घेऊ द्या की तिला. आपल्यातलं कुणीतरी तिथं खुर्चीवर बसलेलं असू द्या." झालं, निकाल फिरला.

गुरुजी तेराव्या विषयापर्यंत आले आणि "चौदा" म्हणून थांबले. कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "चौदावा कापला गेलाय," ते म्हणाले. बाबा इतका वेळ मागे भिंतीशी उभे होते. ते पुढे आले, त्यांनी फॉर्म हातात घेतला, अंगठा कडेवरून फिरवला आणि दारातून येणाऱ्या उजेडाकडे धरला. त्यांचा चेहरा बदलला.

"हे खराब आहे," ते म्हणाले.

"काय झालं?"

"डावीकडे खाली बोटभर जागा सुटलीय, उजवीकडे अक्षरं कापलीत. कटिंगला गठ्ठा सरकला. आणि हे बघ, सहीची रेघ अर्धी गेलीय."

"बाबा, चालेल हो. मला चौदावा विषय नकोच आहे. सही मी वर करते."

"चालत नाही," बाबा म्हणाले. "खराब कागदावर अर्ज करायचा नाही. उद्या कुणी म्हणालं सही जागेवर नाही, अर्ज बाद, तर काय करशील? मी बदलून आणतो."

मैत्रीण माझ्या कानात कुजबुजली, "हातातून ओढून घे आणि भर." ओढून घ्यायला हवा होता, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

सोमवारी बाबांनी अर्धी सुट्टी टाकली. माझ्या आठवणीत त्यांनी अर्धी सुट्टी पहिल्यांदाच टाकली होती. छापखान्यातून तसेच, खाकी कपड्यांत, बसने कॉलेजात गेले. मी दुपारपासून दाराशी बसून होते. पेनात शाई भरून ठेवली होती. गोंद काढून ठेवला होता. सात वाजता ते आले. दाराशी उभे राहिले, हात वर केले. बहिणीने खिसे तपासले. "पास!"

"फॉर्म?" मी विचारलं.

बाबा आत आले, पाणी मागितलं, ते पिऊन झाल्यावर सांगायला लागले. तिथल्या क्लार्कला त्यांनी फॉर्म दाखवला तर तो म्हणाला, काका, असेच भरून द्या, काही होत नाही. बाबा म्हणाले, होतं. त्यांनी खिडकीवरचा सगळा गठ्ठाच मागितला. वरचे चांगले होते, ते आधीच पोस्टाने गेले होते, आणि गठ्ठा सरकला की त्याखालचे बहुतेक तिरके निघतात. हेडक्लार्क आले. त्यांचे धाबे दणाणले, कारण प्राचार्यांची ही लाडकी योजना. "मग मला म्हणाले, तुम्हीच बघून द्या. बाकावर बसून सगळे तपासले. सात-आठ चांगले निघाले. बाकीचे बाजूला बांधून वर चिठ्ठी लावून दिली. नवीन छापून येतील गुरुवारी." हे सांगताना ते खूश दिसत होते.

"आणि आपला?"

बाबांनी रिकामा पेला खाली ठेवला.

"आपला फॉर्म, बाबा. चांगल्यातला एक."

"राहिला," ते म्हणाले. "कागद हातात घेऊन फाटकाबाहेर पडायची सवयच नाही गं. विसरलो."

आई आधी बघतच राहिली आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. पदर तोंडाला लावून ती हसत होती. बहीण हसायला लागली. भिंतीपलीकडून शेजारच्या मावशींनी विचारलं, काय झालं, आणि आईने ते ओट्यावर जाऊन सांगितलं. अर्ध्या तासात सगळ्या कॉलनीला कळलं, की माणूस फॉर्म आणायला गेला, कॉलेजचे सगळे फॉर्म तपासून आला आणि स्वतःचाच विसरला. पुढे कित्येक महिने बाबा भाजी आणायला निघाले की कुणीतरी विचारायचं, "तपासून सोडून येऊ नका बरं का!" बाबा नुसते मान हलवायचे.

मी हसले नाही. माझा राग वाईट. तेव्हाही होता, आताही आहे. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला कागद कळतो, बाबा. माणूस कळत नाही."

आईचं हसू थांबलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते उठून अंघोळीला गेले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

गुरुवारी मी स्वतः कॉलेजात गेले. नवे फॉर्म आले होते, कडा सरळ, शाई ताजी. मी तिथेच भरला आणि खिडकीत सरकवला. आत दुसराच क्लार्क होता. त्याने वही पाहिली.

"न्यायालय भरलं."

"कधी?"

"सोमवारी. चार वाजता बारावा अर्ज आला."

सोमवारी चार वाजता माझे वडील तिथेच बाकावर बसलेले होते. खिशात पेन होतं. चांगले फॉर्म मांडीवर होते. मला खिडकीची सळई उपटावीशी वाटली.

"मग काय शिल्लक आहे?"

"चौदा," तो म्हणाला. "चौदाव्याला कुणी आलेलंच नाही."

चौदावा विषय होता रोपवाटिका, पाहणे व करणे. अशा रीतीने ज्या विषयाला कॉलनीत एकही मत पडलं नव्हतं, तो माझ्या नशिबी आला. वनस्पतिशास्त्राचे एक गोल चेहऱ्याचे सर, मी आणि माझ्यासारखेच उशिरा आलेले आणखी चार जण. टेबल नव्हतंच. सर पहिल्याच दिवशी फावडं घेऊन आले आणि म्हणाले, "चर्चा करता करता वाफे करू." आम्ही पहिला महिनाभर वाफेच केले. मैत्रीण नाटकाच्या तालमीतून बाहेर यायची ती संवाद म्हणत, आणि मी यायची ती नखांतली माती काढत. मी मनातल्या मनात बाबांच्या नावाने बोटं मोडायची. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या महिन्यात मला ते आवडायला लागलं. सरांनी द्राक्षाचं कलम बांधायला शिकवलं. सरळ काप घ्यायचा, दोन्ही कापांची साल एकमेकीला अचूक लागली पाहिजे, मग सुतळी. माझी कलमं पाचपैकी चार जगायची. सर म्हणायचे, "तुझी नजर चांगली आहे. कुठून शिकलीस?" मी पुढची सुतळी बांधायला घ्यायची.

सप्टेंबरात कॉलेजच्या लेडीज रूममध्ये देवळ्याची एक मुलगी माझी मैत्रीण झाली. ती हॉस्टेलला राहायची आणि आमच्या डब्यांवर तिचा डोळा असायचा. पहिल्या दिवशी माझ्या डब्यातलं बोंबलाचं कालवण बघून म्हणाली, "हाई काय शे?" आणि मग सगळं संपवलं. ती न्यायालयाच्या चर्चावर्गात होती. दर आठवड्याला येऊन सांगायची, आज जज्जसाहेब काय म्हणाले, आज एका वकिलाची कशी फजिती झाली. मी हावरटासारखी ऐकायची आणि आतून जळायची. एकदा न राहवून विचारलंच, "तुला कशी काय मिळाली ही जागा?"

"अगं, ती तर गंमतच हाय," ती म्हणाली. "आमच्या मळ्यात पोस्ट आठ-आठ दिवस येत नाय. माझं पाकीट आलंच नाय. मामा कांद्याच्या मार्केटला मापारी हाय, त्याला सुट्टी मिळेना. शेवटी एका सोमवारी घेऊन आला. तर इथं म्हणे, फॉर्म खराब निघाले, चांगले संपले, गुरुवारी या. मामा म्हणला, परत काय येणं होणार नाय, राहू दे तुझा चर्चावर्ग. मला रडूच फुटलं."

मी घास परत डब्यात ठेवला.

"तिथं बाकावर एक काका बसला व्हता. खाकी कपड्यातला. फॉर्म उजेडाला धरून धरून बघत व्हता, कडंवरून अंगठा फिरवायचा. सगळ्यांना वाटून त्याच्याकडं एकच उरला व्हता, तो त्यानं आपला वेगळा ठेवला व्हता मांडीवर. त्यो मला म्हणला, हा घे, तपासलेला हाय. मामा म्हणला, अहो, तुमचा असंल. तर म्हणला, माझी मुलगी इथलीच हाय, तिला येता येईल."

"मग?" मी विचारलं.

"मग मी तिथंच भरला. पेन बी काकाचंच. त्यानं विचारलं, कुठला पाहिजे? म्हणलं, कोर्ट. तर थोडा वेळ गपच बसला. मला वाटलं, रागावला का काय. मग म्हणला, लिही, नीट लिही, सही रेघेवर कर. खिडकीतला माणूस म्हणला, बारावा, शेवटचा. आन् ऐक तर, जाताना तो काका फाटकापाशी थांबला आन् वॉचमनपुढं हात वर करून उभा राह्यला! वॉचमन हसायलाच लागला. मग त्याला बी कळलं आन् तो बी हसला. लय भारी काका व्हता."

मी तिला काही सांगितलं नाही. डबा तिच्याकडे सरकवला आणि हात धुवायला गेले. नळ सोडून किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. त्यांना ठाऊक होतं. ती शेवटची जागा आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तीच जागा मला हवी आहे हेही. विहारात मी सगळ्यांपुढे उभी राहून सांगितलं होतं. आणि घरी येऊन माणूस म्हणाला, विसरलो. खरं सांगितलं असतं तर मी भांडले असते, आई बोलली असती, त्या न पाहिलेल्या मुलीला आम्ही चार शिव्या घातल्या असत्या. म्हणून त्यांनी सगळ्या कॉलनीला स्वतःवर हसू दिलं. आणि मी त्यांना काय म्हणाले होते!

तो काळा कोट पुढे मी घातलाच, पाच-सहा वर्षांनी, चर्चावर्गाशिवाय. सीबीएसला भेळ खाता खाता अशिलांना दटावलंही. देवळ्याची मैत्रीण लग्न होऊन द्राक्षाच्या मळ्यात गेली, आणि कलमं कशी बांधायची ते मी तिला शिकवलं, याला काय म्हणावं? तो काका कोण होता हे तिला मी आजवर सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.

मैत्रिणीने हे सांगितलं त्या संध्याकाळी बस लवकर मिळाली. बहीण खेळायला गेली होती, आई शिलाई मशीनवर होती. सुट्टीचा भोंगा झाला, आणि मी दाराशी जाऊन उभी राहिले. बाबा आले. मला दारात बघून थांबले. त्यांना वाटलं असावं, मला बाहेर जायचं आहे, म्हणून ते बाजूला सरकले. मी हलले नाही.

"हात वर करा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डबा खाली ठेवला आणि सावकाश दोन्ही हात वर केले. मी शर्टाचा खिसा पाहिला. त्यात पेन होतं, निळं, टोपणाला चीर गेलेलं. ते थोडा वेळ हातात धरलं आणि परत जागेवर लावलं. मग पँटचे दोन्ही खिसे पाहिले. रुमाल, बसचं तिकीट, दुसरं काही नाही.

"अगं, किती वेळ?" बाबा म्हणाले. "हात दुखले."

मला बोलायचं पुष्कळ होतं. तोंडातून एकच शब्द निघाला.

"पास," मी म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.